बीजांक

मालवणात बर्फाच्या कारखान्यावरची खोली घेतली
कारण खाली जनरेटर आहे
आणि मुकादमशेठ रात्रीच्या विजेचे पैसे धरत नाहीत.
खाली लाद्या सुटतात, धाडकन.
वर मी चोवीस मण्यांची एक माळ
दोन हजार अंशांवर तापवते
आणि हळूहळू निववते.
शंभर वेळा.

माळ निवतीच्या खडकातल्या एका शंकूगोगलगाईच्या विषाची.
मासा तिने जागच्या जागी गार होतो.
ती गुंडाळते कशी, एवढंच शोधायचंय.
हाताशी आहेत फक्त अंतरं,
हा अणू त्या अणूच्या जवळ, तो याच्यापासून लांब,
जसं काळोखात कुणी सांगावं
विहीर माडापासून सात पावलं,
माड गडग्यापासून चार,
बाकीचं परडं तुझं तूच मांड.

मांडायची सुरुवात गुंत्यापासून.
आणि गुंता कसला, ते ठरवतो एक आकडा,
ज्याला बी म्हणतात.
आंब्याची कोय नव्हे, काजूची बी नव्हे,
नुसता आकडा, ज्यातून पहिला विस्कोट उगवतो.

एप्रिलात शंभरही आकार एकसारखे आले.
एकावर एक ठेवले तर केसाइतकी फट नाही.
मी खाली जाऊन मुकादमशेठना सोलकढी पाजली.
पुण्याला टिळेकर मॅडमना कळवलं.
त्यांनी एकच विचारलं,
बी काय काय दिलंस?

बघितलं तर शंभर ओळींत तोच आकडा.
माझ्या जन्माचं साल.
शंभर वेळा मी एकच गुंता सोडवला होता
आणि त्याला एकमत म्हणत होते.

त्या रविवारी घरी गेले. सातेरीच्या देवळात कौल चालला होता.
बाबलकाका गुरव पाषाणाला ओल्या कळ्या लावत होते,
उजवी पडते की डावी, सगळे श्वास धरून.
मी माझी गोष्ट सांगितली, जमेल तशी.
ते हसले नाहीत. हात पुसत म्हणाले,
"शंभर येळा येकच कौल?
मगे तो देव नाय गो, दगड."

सोमवारी पहाटे बंदरावर वही घेऊन उभी राहिले.
मालती तारी लिलाव पुकारत होती.
सुरमई सातशे तीस. पापलेट अकराशे पाच.
बांगड्याची टोपली दोनशे बेचाळीस.
जे कानावर पडेल ते लिहीत गेले,
कुठलाही आकडा चालतो, फक्त वेगळा हवा,
आणि निकाल बघायच्या आधी लिहिलेला हवा.

हे शेवटचं कठीण.
सातशे तीसमधून इतका देखणा आकार निघाला
की वाटलं, याच्याच आसपासचे घेऊ,
आणि दोनशे बेचाळीस, ज्याने माळेची गाठ मारून ठेवली,
तो खोडून टाकू, कोण बघतंय?
पेन टेकवलं होतं.
मग मालती आठवली, त्या व्यापाऱ्यावर उखडलेली,
जो टोपली उपसून बघितल्यावर भाव फिरवत होता:
"बोली लागली ती लागली!"
बेचाळीस राहिला. गाठ राहिली. यादीत आहे, शेवटून तिसरी.

काल रात्री वीज गेली, जनरेटरही खोकून बंद पडला.
त्रेसष्टावा आकार अर्ध्यात विरला.
उजाडल्यावर तेच बी पुन्हा दिलं
आणि तो जसाच्या तसा परतला,
शेवटच्या दशांशापर्यंत.
समुद्र असं कधी करत नाही. कौलही नाही.
मला थोडी भीती वाटली त्या आज्ञाधारकपणाची.

आता शंभर आकार एकावर एक ठेवलेत.
गंधकाचे तीन पूल आहेत तिथे सगळे घट्ट.
शेपटाकडचे चार मणी मात्र
प्रत्येकाचे वेगळीकडे.
मॅडम विचारतील, हे का जुळत नाही?
खिडकीतून दाखवता आलं असतं तर दाखवलं असतं:
भरती फिरते आहे,
नांगरलेल्या होड्यांची तोंडं एका दिशेला,
आणि वरामी हलताहेत,
कुठलीच चुकलेली नाही.